माझा पंचम, त्यांचा षड्ज

"तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नको."

सहावीतल्या एका मुलीला मी हे सांगितलं होतं. पंधरा ऑगस्ट तोंडावर आलेला, समूहगीताची शेवटची तालीम, आणि मागच्या रांगेतून एक आवाज सारखा खाली खाली चाललेला, लांबच्या विहिरीवरची मोटार घरघरावी तसा. मी पेटी सोडून उठले, रांगेजवळून कान देत फिरले, आवाज शोधला आणि बंद केला. ती काही बोलली नाही. पंधरा ऑगस्टला तिनं इमानेइतबारे ओठ हलवले. त्या दिवसाचा फोटो शाळेच्या व्हरांड्यात लावलेला आहे. त्यात सगळ्यांत रंगून गाणारी तीच दिसते.

हे वाक्य कधीच न म्हटलेले संगीतशिक्षक असतीलही. मला अजून भेटले नाहीत.

माझं माहेर धरणगाव, सासर अमळनेर, आणि नोकरी अमळनेरपासून बसनं अर्ध्या तासावरच्या गावातल्या शाळेत. नोकरी आपली म्हणायची. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक द्यायचा असं लिहिलंय. त्यातली 'कला' म्हणजे मी. संध्याकाळी घरी क्लास. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवते. प्रारंभिकपासून सुरू करायचं, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, कुणी टिकलंच तर मध्यमा. पालक दारातूनच विचारतात, "मॅडम, दहावीपर्यंत किती परीक्षा बसतील?" शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, त्याचा तो हिशेब. मीही बोटं मोजून सांगायचे. पोरगी गाईल का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

एम. ए. करायचं डोक्यात आलं ते चांगलं शिकवता यावं म्हणून, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. छत्तिसावं सरत होतं, मानधनाचा भरवसा नव्हता, विशारद होऊन बारा वर्षं झाली होती. एम. ए., मग नेट किंवा सेट, मग एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर का होईना, पण जरा बरं काहीतरी, असा तो विचार होता. संगीत 'शिकवण्याची' अशी वेगळी पदवी मी आधी शोधली. चित्रकलेच्या शिक्षकांना ए. टी. डी. असते, तसं आमचं काहीतरी असेल असं वाटलं होतं. हाताला लागलं ते साधं एम. ए. संगीत, त्यात लघुप्रबंधाचा विषय मात्र आपला आपण निवडायचा. माझी बी. ए. मराठीची. पण पदवी कुठलीही असली तरी विशारद आणि प्रात्यक्षिक चाचणीवर प्रवेश मिळत होता.

चाचणीला मी बागेश्री गायले. बडा ख्याल, छोटा ख्याल, चार ताना. बरं झालं असावं, कारण समोरचे सर मध्येच थांबवत नव्हते. संपल्यावर त्यांनी अर्ज बघितला. "शाळेत शिकवता? तिसरीच्या मुलाला यमन कसा सांगाल?"

मी सुरू झाले. थाट कल्याण, सातही स्वर, मध्यम तीव्र, वादी गंधार, संवादी निषाद, रात्रीचा पहिला प्रहर.

"हे त्याला पाठ होईल," सर म्हणाले. "पुढं?"

पुढं माझ्याकडं काही नव्हतं. प्रवेश मिळाला तो बागेश्रीवर.

घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या ओसरीवर शेंगा फोडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "परीक्षा तुनी शे का मनी?" मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, आठवड्यातून तीन दिवस मी जळगावला गेल्यावर दोन्ही पोरांचे डबे, दूधवाला, संध्याकाळच्या क्लासला आलेली मुलं परत पाठवणं, हे सगळं त्यांच्या अंगावर पडणार होतं. परीक्षा त्यांचीच होती. दोन वर्षं त्यांनी ती दिली, आणि निकालाच्या दिवशी मला पेढे न देता शेजारणीला दिले, "मी पास व्हयनू" म्हणून.

जळगावची गाडी पहाटेची. धरणगाव, पाळधी, जळगाव. धरणगावला गाडी थांबली की माहेरच्या दिशेला नजर जायची आणि हातातलं पुस्तक तसंच राहायचं. पहिल्या सत्रात मी गाडीत जेवढी झोपले तेवढी घरी झोपले नसेन.

अभ्यासक्रमाचं फार सांगत बसत नाही. दोन वर्षांचे ८८ श्रेयांक, पहिल्याच सत्रात संशोधनपद्धती नावाचा विषय, त्यात गृहीतक आणि चल वगैरे शब्द, जे आमच्या वर्गातल्या तबल्याच्या मुलांनी लगेच तिहाईत, म्हणजे तीनदा वाजवायच्या बोलांत, बसवून टाकले. राग अंगांनी, म्हणजे कुळाकुळानं शिकायचे. कानड्याचे प्रकार, मल्हाराचे प्रकार, कौंस. मल्हार वाट्याला आला तो चौथ्या सत्रात आणि परीक्षा मे महिन्यात. बाहेर ४४ अंश, वीज गेलेली, तबल्याची पुडी उन्हानं ताणून सूर चढलेला, तबलजी हातोडी घेऊन गठ्ठ्यांवर बसलेला, आणि मी दोन्ही निषाद लावून मियाँमल्हार गातेय. परीक्षक म्हणाले, "थोडा धीर धरा, पाऊस यायला वेळ आहे."

पण पहिल्या सत्रातली एक सकाळ सांगायलाच हवी. विभागात एक जुना तानपुरा होता. मी आयुष्यभर पेटीवर गायलेली, आणि अलीकडं मोबाईलमधल्या तानपुऱ्यावर. सरांनी तो माझ्यापुढं ठेवला आणि जवारीखालचा दोरा सरकवायला सांगितलं. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर पुढंमागं केला की आवाज मिटतो किंवा उघडतो. मी सरकवत होते, तार मुकी, तार मुकी, आणि एका जागी खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या 'सा'ची, तार अचानक उघडली, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशी. सर म्हणाले, "आता खर्जात गंधार ऐका." मी म्हटलं, सर, गंधाराची तार कुठंय? प, सा, सा आणि खर्ज, एवढ्याच तर तारा. ते गप्प बसले. मी छेडत राहिले. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला तो ऐकू आला, खर्जाच्या पोटातून, अगदी स्पष्ट. विशारद झालेल्या बाईला तानपुऱ्यातला गंधार पहिल्यांदा छत्तिसाव्या वर्षी ऐकू आला, हे लिहायला लाज वाटते. पण आहे ते आहे.

मग सरांनी पेटीचा गंधार दाबला. तो चढा होता. फार नाही, सेंट या सुरांच्या बारीक मापात मोजलं तर १४, पण एकदा ऐकू आला की ऐकू येतच राहतो. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, तानपुरा आपल्या हिशेबानं बोलतो. १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं होतं. त्या दिवशी निदान भांडण कशावरून होतं ते समजलं. बंदी मला आजही अती वाटते. आमच्या शाळेत तानपुरा ठेवला तर पंधरा दिवसांत त्याच्या भोपळ्याचं काय होईल ते मला माहीत आहे. पेटी टिकते.

दुसरी गोष्ट शार्ङ्गदेवाची. तेराव्या शतकात 'संगीत रत्नाकर' लिहिला, सात अध्याय, बावीस श्रुती, एवढं विशारदच्या टिपणात होतंच. पण हा माणूस देवगिरीला यादव सिंघणाच्या दरबारात हिशेबाच्या खात्याचा प्रमुख होता, हे मी नव्यानं वाचलं. देवगिरी आम्हाला लांब का आहे? चाळीसगाव सोडलं, कन्नडचा घाट चढलं, वेरूळ ओलांडलं की आलं. आणि चाळीसगावजवळच्या पाटणला ज्याचा शिलालेख आहे तो चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू, तोही याच सिंघणाचा ज्योतिषी. म्हणजे आमच्या डोंगराच्या पलीकडं बसून एक हिशेबनीस गाणाऱ्यांचे दोष मोजत होता: दात आवळून गाणारा, घाबरून गाणारा, कावळ्याच्या आवाजाचा. त्यानं गायकांचे पाच प्रकार केलेत, त्यात रसिक, रंजक, भावक हे तिघं मागून येतात. पहिला मांडलाय शिक्षाकार, म्हणजे काही कमी न ठेवता शिकवू शकणारा. दुसरा अनुकार, दुसऱ्याची नक्कल करणारा. गाडीत हे वाचताना मी पेन्सिलीनं अनुकारापुढं बारीक 'मी' लिहिलं. गुरुजींनी मला जसं शिकवलं तसंच, त्याच पट्टीत, त्याच क्रमानं मी बारा वर्षं पोरांपुढं ठेवत आले होते. पहिल्या दिवशी सा ते सां सगळे स्वर, दुसऱ्या दिवशी उलटे, तिसऱ्या दिवशी जोडीनं.

त्याच सुमारास हंगेरीचा संगीतकार झोल्तान कोदाय वाचायला मिळाला. मुलांना गाणं मातृभाषेतल्या लोकगीतांतून शिकवावं, आणि सुरुवात दोनच स्वरांपासून करावी, असं त्याचं म्हणणं. ते दोन स्वर आपल्या भाषेत प आणि ग. मग हळूहळू सा रे ग प ध, म्हणजे आमचा भूपच. मी जरा नाक मुरडलं. आपल्याकडं एवढं असताना हंगेरी कशाला? दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेरून एक पोरगा मित्राला हाक मारत होता, "पंक्याऽऽ!" मी पेटीवर बोट ठेवून बघितलं. प, ग. सगळी पोरं तशीच हाक मारतात. कुल्फीवालाही तसाच ओरडतो. मी गप्प बसून ते प्रकरण पुन्हा वाचलं.

दुसऱ्या सत्रात १२० तास प्रत्यक्ष कामाचे होते. मी चोपडा तालुक्यातली सातपुड्याच्या पायथ्याची एक आश्रमशाळा निवडली, कारण तापी ओलांडली की एस. टी. थेट जाते आणि मला वाटलं होतं निवासी शाळा म्हणजे मुलं जागेवर सापडतील. होळीच्या आठवड्यात शाळा रिकामी! पावरा आदिवासींची मुलं होळीला घरी जाणार नाहीत तर कधी जाणार, एवढी साधी गोष्ट माझ्या वेळापत्रकात नव्हती. परत आली ती पोरं रात्र रात्र जागून, पाय सुजलेले, खुशीत. एक सातवीतला मुलगा डेस्कवर ढोलाचा ठेका वाजवत होता. मी वही काढली, मात्रा मोजायला लागले. आठ म्हणावं तर अर्धी उरायची, सात म्हणावं तर पुरायची नाही. "किती मात्रा रे?" तो बावचळला. मग म्हणाला, "मोजायचं नसतं मॅडम, नाचणाऱ्याचे पाय बघायचे." अहवालात मी ते आठ मात्रा असं लिहिलं. चूक आहे, मला माहीत आहे.

लघुप्रबंधाचा विषय ठरवताना सरांनी दोन विषय परत केले. एक फार मोठा होता, एक कुणीतरी आधीच केलेला. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुमच्या गावच्या पोरी काय गातात? तेच घ्या ना." म्हणून आखाजीची गाणी घेतली. बाहेरच्यांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडं ती दिवाळीच्या तोडीची. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके बांधतात, बाया-पोरी झोक्यावर गातात, आणि गडी माणसं पत्ते कुटतात. माझं काम सोपं होतं: गाणी ध्वनिमुद्रित करायची, स्वरलिपीत उतरवायची, रचनेबद्दल चार प्रकरणं लिहायची.

सुरुवात सासूबाईंपासून केली. आयती माहितगार घरात! पण त्यांना बसवून 'गा' म्हटलं की त्यांना काही आठवेना. गौराईचं नाही, जात्यावरचं नाही. दोन दिवस गेले. मग त्याच म्हणाल्या, "जातं फिरनं नही ते गानं याद येत नही." माळ्यावरचं जातं नवऱ्यानं कण्हत कण्हत खाली आणलं, मूठभर गहू टाकले, खुंटा हातात आला आणि त्यांनी सलग चाळीस मिनिटं गायलं. मी मध्येच मोबाईलची मेमरी भरली म्हणून थांबवलं तर चिडल्या.

लिहून काढताना मात्र डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा गंधार ना कोमल ना शुद्ध, मधेच कुठंतरी, आणि दर वेळी त्याच जागी. चुकून लागलेला नव्हता तो. वर आणखी एक घोळ. मी गांधर्वची, स्वरलिपी लिहिण्याचा हात पलुसकर पद्धतीचा. विभागात सगळं भातखंडे पद्धतीनं. पलुसकरांच्या लिपीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक; भातखंड्यांच्या लिपीत स्वरावर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. मी रात्री अकराला अर्धी झोपेत लिहिलेली पानं सरांनी वाचली तर सासूबाई भलत्याच सप्तकात पोचलेल्या. त्या मधल्या गंधाराचं विचारलं तर सर म्हणाले, "लिपीत नाही ना? मग बाण काढा. खाली तळटीप द्या. लिपी माणसांनी केलीय." माझ्या प्रबंधात अशा बाणांची गर्दी आहे.

आखाजीच्या दिवशी शाळेच्या गावी गेले. दुपार कलल्यावर पोरी निंबाखाली जमल्या. मी जरा लांब, वखारीच्या भिंतीला टेकून, मोबाईल चालू ठेवून बसले, कारण बाई आल्या म्हटलं की पोरी समूहगीतासारख्या गायला लागतात. झोका वर गेला की ओळ वर जायची, खाली येताना दुसऱ्या पोरी ती उचलायच्या. चार-पाच स्वरांपलीकडं एकही गाणं जात नव्हतं. एक आवाज पुढं होता, मोकळा, तारेसारखा. ओळ तोच टाकायचा, बाकीच्या उचलायच्या.

घरी येऊन रात्री पेटीवर पट्टी, म्हणजे पोरींचा 'सा' कुठं बसतो ते, शोधायला बसले. वरची काळी दोन, म्हणजे वरच्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी. दुसरं गाणं, तेच, फार तर एका पट्टीचा फरक. तिसरं, तेच. पोरींना कुणी सूर दिला नव्हता, तरी त्या फिरून फिरून तिथंच येऊन बसत होत्या. आणि तो पुढचा आवाज मी पाचव्यांदा ऐकला तेव्हा ओळखला. व्हरांड्यातल्या फोटोतली ती.

आता जरा हिशेब सांगते, पेटीवाल्यांना लगेच कळेल. माझी पट्टी काळी चार. गुरुजींनी ठरवून दिलेली, त्यात मी सुखानं मंद्र पंचमापर्यंत उतरते. शाळेत प्रार्थना, समूहगीत, सगळं काळी चारमध्येच, कारण पेटीवर बसणारी मी. पण माझ्या काळी चारचा पंचम म्हणजे वरची काळी दोन. पोरींचा षड्ज तिथं होता जिथं माझा पंचम. म्हणजे मी 'सा' दिला की लहान पोरांना तो त्यांच्या आवाजाच्या तळाशी शोधावा लागायचा, विहिरीत वाकून बघितल्यासारखा. काहींना सापडायचा, ती माझ्या वहीत 'सुरेल'. काहींना सापडायचा नाही, ती घरघरायची, ती 'बेसूर'. बारा वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडं. दोन रकाने केलेले.

जूनमध्ये शाळा उघडली. ती आठवीत आली होती. मी तिला एकटीला पेटीजवळ बोलावलं आणि सगळं पुराण न सांगता काळी चार दाबून म्हटलं, गा. तीच घरघर. मग वरची काळी दोन दाबली. झोक्यावरचा आवाज आला.

मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"माले खाले जमत नही, बाई," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तुम्ही इचारं नही."

त्यानंतर मी एकेका मुलाला बोलावून बघितलं. येतं ते कुठलंही गाणं म्हण, सूर मी देणार नाही, आणि ते कुठं सुरू होतं ते मी वहीत लिहायचं. आठवडा गेला. सहावीच्या ३१ जणांत माझ्या काळी चारच्या जवळपास सुरू करणारे तिघं निघाले. मुलांच्या आवाजाची सोयीची जागा मोठ्या बाईच्या आवाजापेक्षा बरीच वर असते, हे पुस्तकांत आहे, शोधलं तर पहिल्या पानावर सापडतं. मला ते निंबाखाली सापडलं हे खरं, पण त्यात फुशारकीसारखं काही नाही. वेळेवर वाचलं असतं तर दोन रकाने केले नसते.

पट्टी बदलली आणि लगेच दुसरं संकट. गीताचा अंतरा तार षड्जाला जातो. पोरांचा तार षड्ज म्हणजे माझा तार पंचम. तिथं माझा आवाज चिरकतो. ज्या ओळी शिकवायच्या त्याच मला गाता येईनात. पहिल्या दिवशी मी ओढूनताणून गायले, तर मागून खसखस. मग नाइलाजानं अस्थायी, म्हणजे गाण्याचा पहिला भाग, मी द्यायची आणि अंतऱ्याला दोन पोरी पुढं उभ्या करायच्या, असं सुरू केलं. त्या ओळ टाकणार, बाकीचे उचलणार, झोक्यावर करतात तसं. मी पेटीवर नुसती साथ करायची आणि मान हलवायची. मुख्याध्यापक एकदा खिडकीतून बघून गेले, नंतर म्हणाले, "मॅडम, आजकाल तुम्ही शिकवत नाही का?"

सगळंच सुटलं असं नाही. नववी-दहावीचे आवाज फुटलेले मुलगे, त्यांना ना काळी चार चालते ना काळी दोन, आणि तेच सगळ्यांत लाजतात. त्यांच्या हातात ढोलकी, खंजिरी, टाळ देऊन मी वेळ मारून नेते. त्यांचा वेगळा अभ्यास करायला हवा. प्रबंधात मी त्यांना सरळ वगळलं आणि व्याप्ती-मर्यादेच्या परिच्छेदात एका वाक्यात गुंडाळलं.

मौखिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी बाण मोजले, स्वरलिपीच्या दोन चुका काढल्या, दोन्ही बरोबर होत्या. मग म्हणाले, "स्वतःची पट्टी सोडून गायला शिकवणाऱ्याला त्रास होत नाही?" मी म्हटलं, होतो. "मग?" मी म्हटलं, मी कमी गाते. त्यांनी काहीतरी लिहिलं. गुण साठीच्या घरात पडले, मियाँमल्हारला त्याहून बरे.

नोकरीचं अजून काही झालेलं नाही. नेट एकदा दिली, पहिल्या पेपरातल्या आकड्यांच्या प्रश्नांनी घात केला. संस्थेत पदवीचा कागद नेऊन दाखवला तर "अभिनंदन, पण मानधन तेच" असं सांगितलं गेलं. क्लासला आलेले पालक अजूनही दहावीपर्यंतच्या परीक्षाच विचारतात. मी सांगते, पण आधी मुलाला अंगणात पाठवून कुणाला तरी हाक मारायला लावते आणि वहीत पट्टी लिहून घेते. पालकांना हे विचित्र वाटतं.

शाळेतल्या पेटीचा एक प्रश्न होता. मी नसले की प्रार्थनेला गणिताचे सर पेटीवर बसतात, त्यांना थोडं वाजवता येतं, आणि ते सवयीनं काळी चार धरतात. सांगून बघितलं, चिठ्ठी चिकटवून बघितली. शेवटी कपाळाची टिकली काढून वरच्या काळी दोनवर लावली. मरून रंगाची, मोठी. आता ते न विचारता तिथूनच धरतात. उन्हाळ्यात गोंद सुटतो आणि टिकली पडते. जूनमध्ये पहिल्या दिवशी मी नवी लावते.